एकटीला फळ धरत नाही

डिसेंबर अर्धा सरला की आईचा नांदेडला फोन येतो. “पानं काढायला कधी येऊलालीस?” मी जेवले का, कोर्टात काम मिळतंय का, खोलीत थंडी वाजते का, हे सगळं नंतर. मग मी शनिवारची एसटी धरते, शिरूर अनंतपाळला उतरते, तिथून ऑटोनं गावात येते आणि पिशवी ओट्यावर टाकून सरळ परसात सफरचंदाच्या झाडाखाली जाऊन बसते.

हो, सफरचंदाच्याच. तुरीच्या आणि सोयाबीनच्या मुलखात, जिथं उन्हाळ्यात दाराची कडी हाताला चटका देते, तिथं आमच्या परसात सफरचंदाचं झाड आहे. डोक्यापेक्षा थोडं उंच. थंड मुलखात हे झाड थंडी पडली की आपणहून पानं टाकतं आणि झोपी जातं. जागं होतं ते फुलं घेऊनच. आमच्याकडे थंडी येते ती पाहुण्यासारखी. पहाटे येते, दहा वाजता उठून जाते. तेवढ्यावर झाडाला झोप लागत नाही. म्हणून आपणच त्याचं पाणी तोडायचं, तीन-चार आठवडे कोरडं ठेवायचं आणि मग एकेक पान हातानं काढायचं. डाळिंबवाले याला ताण देणं म्हणतात. पान खाली ओढायचं नसतं. ओढलं तर त्याच्या बगलेतला डोळा सालीसकट निघून येतो आणि तिथं पुन्हा फूल नाही. देठाला धरून वर उचलायचं, हलकं मुरगाळायचं. हिरवं, निरोगी, काही गुन्हा न केलेलं पान. बारीकसा आवाज होतो आणि ते हातात येतं.

पहिली पन्नासेक पानं काढेपर्यंत मला कसंसंच होतं. मग बोटं सरावतात, चिकट होतात, काळी पडतात. डोक्याला काम उरत नाही. आणि मग चार वर्षांपूर्वीचा तो हिवाळा येऊन शेजारी बसतो. ज्या हिवाळ्यात हे झाड आलं तो.

त्या वर्षी माझी वकिलीची शेवटच्या वर्षाची परीक्षा तीनदा पुढं गेली. पहिल्यांदा आठ दिवस, मग पंधरा, मग ‘पुढील सूचना मिळेपर्यंत’. नांदेडच्या वसतिगृहाची खानावळ बंद झाली, पोरी गावोगाव पांगल्या, मीही पुस्तकांची पेटी घेऊन घरी आले. परीक्षा झाली असती तर सुटले असते, रद्द झाली असती तरी सुटले असते. ती नुसती लोंबकळत होती. पाठ झालेलं विसरत होतं आणि पुन्हा पाठ करायला बसलं की बाहेर हरभऱ्याचा आंबूस वास सुटलेला असायचा, कुणीतरी हुरडा भाजत असायचं, आणि मी कलमं-पोटकलमं घोकत खिडकीशी.

खोलीला खिडकी एकच. खिडकीतून दिसायची ती परसातली भिंत. ही भिंत दोन रंगांची आहे. कंबरेपर्यंत दगडमातीची, जुनी, शेवाळलेली. त्यावर सिमेंटच्या ब्लॉकचे पाच थर, करडे, गिलावा न केलेले. खालची भिंत अप्पांच्या आणि तात्यांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या आणि चुलत्यांच्या, वाटणीची. वरची माझी.

अप्पा शेती करतात आणि पत्रकं काढतात. रेशनच्या साखरेत काळंबेरं झालं, पत्रक. शाळेशेजारी दारूचं दुकान आलं, पत्रक. कुणी बुवा अंगात आणून बायांना घुमवू लागला, पत्रक. उदगीरला छापखाना ठरलेला, कागद गुलाबी नाहीतर पिवळा, कारण तो स्वस्त. उरलेली पत्रकं घरात. माझ्या वह्यांना त्यांची कव्हरं, आईच्या मसाल्याच्या डब्यांखाली ‘जागे व्हा’ अंथरलेलं. बाकीची पोरं ‘कमळ’ वाचत होती तेव्हा मी ‘जाहीर निषेध’ वाचत होते. तिसरीत मैत्रिणीशी भांडण झालं तेव्हा तिला चिठ्ठी लिहिली होती, तिची सुरुवात ‘बंधू-भगिनींनो’ अशी होती. घरात सगळे हसले होते. अप्पा हसले नव्हते. त्यांनी ती चिठ्ठी जपून ठेवली.

मी एकोणीस वर्षांची असताना तात्यांच्या मुलाचं, माझ्या चुलतभावाचं लग्न ठरलं. मुलीकडून चारचाकी घेतली. ती मांडवाच्या दारात हारफुलं लावून उभी राहणार होती, लपवायची गोष्टच नव्हती. अप्पांनी आयुष्यभर हुंड्यावर लिहिलं. या वेळी कागद पुढं ओढला, दोन ओळी लिहिल्या आणि पेन टोपणात घातलं. सख्खा भाऊ. तो कागद मी पुरा केला. मथळा मला एका झटक्यात सुचला: ‘ही सून की सौदा?’ सौदा हा आमच्याकडचा रोजचा शब्द. आडतीवर सोयाबीनचे सौदे निघतात, बैलाचा सौदा होतो. सून आणि सौदा, दोन्ही स वर. मला वाटलं, यापेक्षा चांगली ओळ मला पुन्हा सुचणार नाही. खाली नाव माझं. पहिल्यांदाच.

पंगत बसली होती तेव्हा मी ते वाटलं. पत्रावळीशेजारी एकेक.

आठ दिवसांत तात्यांनी भिंतीवर ब्लॉक चढवले. आमचं म्हणणं कागदावर होतं, त्यांनी त्यांचं सिमेंटात लिहिलं. अप्पांनी घरात सांगितलं, या घराचा त्या घराशी शब्दाचाही संबंध नाही. तात्यांनीही तिकडं तेच सांगितलं असणार. दोघे भाऊ एका बाबतीत अगदी सारखे. दिलेला शब्द मोडत नाहीत.

आई मात्र एकदाच बोलली होती. “तुमचं तत्त्व. माझी भिंत.”

आई आणि तात्यांची बायको मथुराकाकू एकाच वर्षी या गावात सुना म्हणून आल्या. आई थोरली जाऊ, म्हणून काकू तिला अक्का म्हणते. दोघींनी एकमेकींची बाळंतपणं केली, एकमेकींची पोरं पाजली. मला काकूच्या अंगावरच्या दुधाची आठवण नाही, पण आई सांगते. भिंत वर गेली त्या दिवसापासून त्या दोघी एकमेकींशी एक शब्द बोललेल्या नाहीत, असं मी धरून चालले होते. तेव्हापासून त्या हिवाळ्यापर्यंत चार वर्षं मी नांदेडला, सुट्टीत दोन दिवस यायचं आणि जायचं. कळणार कसं?

त्या लांबलेल्या हिवाळ्यात एका दुपारी मी खिडकीशी पुरावा कायदा घोकत होते. आई परसात भांडी घासत होती. एकाएकी ती मोठ्यानं म्हणाली, “मने, आज तिकडं तुरीच्या शेंगा उकडल्यात व्हय गं? लई वास सुटलाय.”

मनी म्हणजे आमची मांजर. भिंतीपलीकडून आवाज आला, “मने, उकडल्यात म्हणावं. मीठ जरा जास्तच पडलंय. आमच्या मालकाला बीपी हाय, त्यामुळं एकलीच खाऊलालेय.”

“मने, एकलीनं खाल्लं की पोट दुखतंय म्हणावं.”

“मने, दुखू दे म्हणावं. दुखलं तर ओवा मागायला येती का बघ म्हणावं तुझी मालकीण.”

“मने, ओवा संपलाय म्हणावं. अन् असता तरी दिला नसता.”

दोन्हीकडून हसण्याचा दाबलेला आवाज. मनी त्या वेळी परसात नव्हतीच. ती माझ्या टेबलाखाली पाय ताणून झोपली होती.

मी पुस्तक मिटलं. चार वर्षं या दोघी असं बोलत होत्या. एकमेकींशी एक शब्द बोलायचा नाही, हा हुकूम त्यांनी अक्षरशः पाळला होता. आणि त्या हुकुमाच्या बुडाशी माझ्या नावाचा एक गुलाबी कागद होता. मला हसू आलं, पण पुरतं नाही. काकूच्या घरात कोण आजारी, वहिनीला माहेरी कधी धाडलं, यातलं काही आईला सरळ विचारता येत नव्हतं. तिला मांजराच्या तोंडून जेवढं मावेल तेवढंच मिळत होतं.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी आई भाकरी थापता थापता म्हणाली, “मला सफरचंदाचं झाड लावायचंय.”

अप्पांचा घास हातातच राहिला. “कशाचं?”

“सफरचंदाचं. पेपरात आलंय, आता आपल्याकडं बी येतंय म्हणून.”

अप्पांनी ताट बाजूला सारलं. पाण्याची टंचाई, देखावा, आपल्या मातीची बोरं-सीताफळं सोडून काश्मीरच्या मागं लागणारा समाज. मला वाटलं आता कागद मागतात. आईनं ऐकून घेतलं. तव्यावरची भाकरी उलटली.

“या घरात सफरचंद कधी आलं सांगा बरं. मामंजी खाटेवर पडले तवा आलं. तुमचं अपेंडिक्स काढलं तवा आलं. हिला टायफाइड झाला तवा. कुणी भेटाया येतंय ते पिशवीत चार सफरचंद घेऊन. धडधाकट माणसानं खाल्लेलं सफरचंद मी बघितलंच न्हाई. भांड्याचं पाणी घालीन मी झाडाला. तुमच्या हिरीतलं नको.”

यावर पत्रक निघू शकत नव्हतं. अप्पांनी ताट पुन्हा ओढलं.

कुठलं झाड लावायचं हे शोधायचं काम माझ्याकडं आलं आणि मला बरंच वाटलं. निदान या अभ्यासाला निकाल होता. मी फोनवर वाचलं, कृषी खात्याची माहिती चाळली, रजिस्टरच्या पानावर रेघा मारून तक्ता केला. कमी थंडीत येणारी तीन नावं पुन्हा पुन्हा येत होती. अ‍ॅना, लाल, लवकर फळणारं. डोरसेट गोल्डन, पिवळसर. आणि एचआरएमएन नव्व्याण्णव, उष्ण भागासाठीच निवडलेलं. पहिल्या दोघांना एकमेकांची जोडी लागते, एकाचा पराग दुसऱ्याला. तिसऱ्याचं आपलं आपल्यात भागतं. परसात जागा एका झाडाची. माझ्या दृष्टीनं निवड झालेली होती.

“नव्व्याण्णव,” मी आईला सांगितलं. “त्याला कुणाची गरज लागत नाही.”

आई तक्त्याकडं बघत होती. “अन् ह्याला?” तिचं बोट अ‍ॅनावर.

“त्याला जोडी लागते. ते आपल्या कामाचं नाही.”

लातूर रस्त्यावर एक रोपवाटिका आहे, तिथं आम्ही दोघी गेलो. हिमाचलातून आलेली कलमं, काडीसारखी, एक पान नाही, उघडी मुळं ओल्या पोत्यात गुंडाळलेली. माणूस मुखेडकडचा होता, बोलका. “बरेच जण लावूलालेत आता सफरचंद. घरापुढं एकच लावायचं असंल तर ताई म्हणतात तेच न्या, नव्व्याण्णव. अ‍ॅनाला फूल लई येतं, पण एकटीला म्हणावं तसं फळ धरत न्हाई. मधमाशी जाऊन-येऊन करंल इतक्या अंतरावर डोरसेट पाह्यजे.”

“एकटीला फळ धरत न्हाई?” आईनं विचारलं.

“न्हाई ना.”

“मधी भिंत असली तर चालतंय का?”

तो हसला. “माशीला कशाची आली भिंत, मावशी?”

“मग हेच द्या,” आई म्हणाली. “एक हे, अन् एक ते पिवळं.”

मी तिला बाजूला ओढलं. “आई, जागा एका झाडाची आहे.”

“हाय की जागा. मला म्हाईत हाय कुठं हाय ते.”

एसटीत ती दोन्ही कलमं मांडीवर धरून बसली होती, आजारी लेकरं दवाखान्यातून घरी न्यावीत तशी. मला तेव्हा कळलं होतं. माझा तक्ता तिनं माझ्यापेक्षा नीट वाचला होता. जी उणीव म्हणून मी खोडली होती, तिच्यासाठीच ती झाड घेऊन चालली होती.

अ‍ॅना दुसऱ्याच दिवशी लावली. डोरसेट न्हाणीजवळ घमेल्यात, ओल्या वाळूत मुळं खुपसून ठेवलं. रोपवाटिकेवाल्यानं बजावलं होतं, आठवडाभरात जमिनीत गेलं पाहिजे, नाहीतर सरपण. आईनं मांजराला सांगितलं, “मने, एक झाड जास्तीचं आलंय. कुणाच्या परसात भिंतीकडंला जागा असंल तर बघ म्हणावं.”

पलीकडचा झाडू थांबला. मग काकूचा आवाज, त्यात हसू नव्हतं. “मने, विचार करून सांगते म्हणावं.”

मध्ये येळवस आली. वेळ अमावस्या. आमच्या जिल्ह्यात त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळे शेतात. कडब्याची खोप करायची, पूजा करायची, भज्जी-आंबील खायची. भज्जी म्हणजे शेतात असतील नसतील त्या पालेभाज्या आणि शेंगदाणे घालून रटरट शिजवलेली. पूर्वी दोन्ही घरांची खोप एक असायची. भज्जी आईची, ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबट आंबील काकूची. आता बांधाच्या अलीकडं एक खोप, पलीकडं एक. आमची आंबील गोडसर झाली होती. आई प्यायली, पण भांडं खाली ठेवताना बांधाकडं बघत राहिली.

बांधापलीकडून रेखावहिनी, जिच्या लग्नात मी कागद वाटला ती, कळशी घेऊन विहिरीकडं जात होती. आमच्याकडं जेवायला आलेल्या गावातल्या एका बाईनं कपाळावर हात धरून बघितलं आणि शेजारणीला विचारलं, “कोण गं ती? सौद्याची व्हय?”

“हाव, सौद्याचीच,” दुसरी म्हणाली आणि आंबील ओतून घेतली.

त्यात खवचटपणा नव्हता. उंच बाईला उंच म्हणावं, मागच्या आळीतल्या बाईला मागच्या आळीची म्हणावं, तसं. चार वर्षांत तो शब्द इतका झिजला होता. माझा मथळा. माझी सर्वांत चांगली ओळ. तिच्यातलं प्रश्नचिन्ह गळलं होतं, माझं नाव गळलं होतं, आणि उरलेलं एका बाईच्या अंगाला चिकटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मांजरामार्फत काकूचा निरोप आला. “मने, झाड लावते म्हणावं. जागा बी हाय. पर खड्डा त्याच हातानं पाह्यजे, ज्या हातानं कागद वाटले.”

घमेल्यातल्या डोरसेटला चौथा दिवस होता.

मी आईवर चिडले. “ही उघड उघड माफी मागायला लावणं आहे. मी काही चुकीचं लिहिलं होतं का? गाडी घेतली नव्हती त्यांनी?”

“घेतली होती.”

“मग?”

आई वाळू भिजवत होती. “चुकीचं लिहिलं असतंस तर सोपं होतं. माफी मागून मोकळी झाली असतीस. बरोबर लिहिलंस म्हणून तर अडकून बसलीस, चार वर्षं झाली. अन् तुझ्यासंगं मी बी.”

मी ओट्यावर अप्पांकडं गेले. खरं सांगायचं तर त्यांनी मला अडवावं म्हणूनच गेले. त्यांनी एका शब्दानं नाही म्हटलं असतं तर मला तत्त्वाच्या आड बसता आलं असतं. अप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा घातला. “खाली नाव तुझं होतं,” ते म्हणाले. “तू ठरव.” आणि थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, “मी त्या दोन ओळी लिहून थांबलो होतो. का थांबलो, ते तुला सांगायला पाहिजे होतं. मलाही तेव्हा नीट माहीत नव्हतं.”

ती रात्र, दुसरा दिवस, मी त्या एका खोलीत घिरट्या घालत होते. गेले तर गाव म्हणणार, पोरीनं नाक घासलं, म्हणजे हुंडा बरोबर होता. नाही गेले तर एक कलम वाळणार आणि आई मांजराशी बोलत म्हातारी होणार. दोन्ही बाजूंनी माझ्याकडं मुद्दे तयार होते. मुद्द्यांची मला कधीच वाण नव्हती. खिडकीतून पाच थर दिसत होते आणि परीक्षेची तारीख अजूनही आलेली नव्हती.

सहाव्या दिवशी सकाळी मी टिकाव आणि फावडं घेतलं आणि घराला वळसा घालून तात्यांच्या दारातून आत गेले. तात्या शेतात होते. काकू दारात उभी होती. केस पार पांढरे झालेले. हे मला मांजराकडून कळलं नव्हतं. “इथं,” तिनं भिंतीजवळची जागा पायानं दाखवली आणि आत गेली.

वरची काळी माती हातभर, ती भसाभसा निघाली. खाली चुनखडीचा पांढरा थर. टिकाव त्यावरून उडायला लागली. रेखावहिनी न्हाणीच्या पायरीवर बसून मेथी निवडत होती. ती वर बघत नव्हती. दहा मिनिटं झाली असतील.

“मुठी आवळून धरलीस. तशानं हात फुटतात,” ती म्हणाली.

मी मुठी सैल केल्या. “वैनी, मला खरंच म्हाईत नव्हतं, लोक तुला असं…”

“कसं?”

“ते नाव.”

“सौद्याची. म्हण की. तूच ठेवलंस.”

“मी तसं नव्हतं लिहिलं. तो प्रश्न होता. पुढं प्रश्नचिन्ह होतं.”

तिनं मान वर केली. “लोकांच्या तोंडाला चिन्ह असतंय व्हय?”

मी पुन्हा टिकाव उचलली. ती म्हणाली, “तू वकील होऊलालीस ना? मग एक सांग. गाडी दिली माझ्या बापानं. ती देऊन घेतलं कुणाला? तुझ्या दादाला. मग सौदा कुणाचा झाला? इकला कोण गेला?”

“दादा.”

“मग नाव मला का पडलं?”

मी त्या पत्रकातलं प्रत्येक वाक्य आठवून बघितलं. त्यात मुलीचा बाप होता, मुलाचा बाप होता, समाज होता, सरकार होतं. मुलगी एकाच ठिकाणी होती, मथळ्यात.

“आणि खरं सांगू का,” ती काड्या पदरात गोळा करत म्हणाली, “तुझा कागद मी त्याच दिवशी वाचला. पंगतीत. शालू नेसून बसले होते अन् मांडीखाली धरून वाचला. माझ्या बापानं रान इकलं त्या गाडीपायी. लई चांगलं लिहिलं होतंस. मला वाटलं, परक्या गावात चालले खरी, पर एक माणूस आपल्या बाजूचं हाय. ही नणंद येईल कवातरी, बसंल माझ्यापाशी. चार वर्षं झाली. तू कदी आलीच न्हाईस.”

कुठलाही आरोप मी परतवू शकले असते, हा सोडून. हा आरोप नव्हताच. मी खड्ड्यात गुडघाभर उभी होते आणि मला वर येता येत नव्हतं.

“मी पत्रक काढते,” मी म्हणाले. तोंडातून तेच निघालं. “जाहीर. माझ्या नावानं. लिहिते की सौदा नवऱ्याचा होतो, मुलीचा नाही. आणि तुझी माफी मागते, सगळ्या गावासमोर.”

ती हसली. वाईट नाही हसली. “परत माझं नाव छापणार? नको माय. एकदा छापलंस ते पुरलं. जे काय असंल ते इथं सांग. मला एकलीला.”

आणि मला येईना. मनात वाक्यं जुळत होती आणि प्रत्येकात ‘आपण’ येत होतं, ‘व्यवस्था’ येत होती. मी ती एकेक खाली टाकत गेले. हाताच्या फोडांतून पाणी येत होतं. शेवटी उरलं ते फार थोडं होतं.

“तुला विचारल्याबिगर मी तुझ्यावर लिहिलं,” मी म्हणाले. “अन् लिहून झाल्यावर तुझ्याकडं फिरकले न्हाई.”

“हाव,” ती म्हणाली. “दोन्ही खरं हाय.”

तिनं माफ केलं असं नाही म्हणाली. आजही नाही म्हणालेली. मेथीची पाटी बाजूला ठेवून उठली, पदर खोचला आणि हात पुढं केला. “दे इकडं. तुला काय येतंय खांदायला.” तिनं चुनखडीवर तिरका घाव घातला आणि एक मोठी ढेप सुटून आली.

भिंतीपलीकडं आई असणार हे मला माहीत होतं. सकाळपासून तिकडं भांड्याचा आवाज नव्हता, झाडूचा नव्हता. तिनं किती ऐकलं ते मी कधी विचारलं नाही. ओट्यावर अप्पा होते, त्यांच्या कानावर परसातलं सगळं जातं.

“मथुरा,” भिंतीपलीकडून हाक आली. जरा चिरकलेली, बरेच दिवस न वापरलेल्या आवाजासारखी. “खड्डा झाला का गं?”

काकू आतून धावत आली, हात पिठाचे. भिंतीसमोर येऊन थांबली. पीठ पदराला पुसलं.

“झाला, अक्का. दे वरून.”

पाचव्या थरावर आधी ओलं पोतं दिसलं, मग आईचे मनगटापर्यंतचे हात. कलमाला वजन असं काहीच नसतं. तरी ते घ्यायला आम्ही तिघीही पुढं झालो.